कोळशाला चिकटलेले विकर आणि दूषित पाणी

१/ न्यूयॉर्क, १९१६. कोलंबिया विद्यापीठात नेल्सन आणि ग्रिफिन हे दोन रसायनशास्त्रज्ञ यीस्टमधील इन्व्हर्टेज या विकराचा, म्हणजेच एन्झाइमचा, अभ्यास करीत होते. साखरेच्या रेणूचे विघटन करणे हे या विकराचे कार्य. त्यांनी ते कोळशावर चिकटवले. कोळसा भांड्याच्या तळाशी बसला, तरी विकराचे कार्य पूर्ववत चालू राहिले!

२/ या निरीक्षणाचे महत्त्व काय? पाण्यात मिसळलेले विकर परत काढून घेणे अतिशय कठीण असते. महागडे द्रव्य दर वेळी वाहून जाते. परंतु तेच घन पदार्थाला बांधले, तर पाणी पुढे जाते आणि विकर मागे उरते. यालाच विकराचे स्थिरीकरण म्हणतात.

३/ ही कल्पना कारखान्यात पोहोचण्यास ५३ वर्षे लागली. १९६९ साली जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता व सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या उत्पादनासाठी स्थिर केलेले विकर वापरले. त्याचा आधार होता रासायनिक बदल केलेले डेक्स्ट्रान, म्हणजे एक नैसर्गिक बहुशर्करा.

४/ मग पाण्याचा प्रश्न पुढे आला. कोळशावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉल हे विषारी द्रव्य असते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की, हॉर्सरॅडिश या मुळातील पेरॉक्सिडेज विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने फिनॉलचे रेणू एकमेकांना जोडते. त्यांचा न विरघळणारा साका तयार होतो आणि तो गाळून काढता येतो.

५/ मात्र अडचण तीच होती: पाण्यात सोडलेले विकर लवकर निकामी होई. साहजिकच संशोधक पुन्हा १९१६ च्या वाटेकडे वळले. या वेळी हवा होता स्वस्त आधार.

६/ तो मिळाला कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांत. त्यांतील कायटिन तीव्र अल्कलीत उकळले की कायटोसान बनते. ही प्रक्रिया फ्रान्समधील रूजे यांनी १८५९ सालीच नोंदवली होती. कायटोसानवरील अमिनो गटांना विकर घट्ट जोडता येते.

७/ जोडीला लॅकेज हे विकरही आले. जपानी संशोधक योशिदा यांनी १८८३ साली लाखेच्या झाडाच्या चिकात ते ओळखले. त्याला पेरॉक्साइड लागत नाही. हवेतील ऑक्सिजन पुरतो. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतील अनेक रंगद्रव्यांवर ते परिणाम करते.

८/ तरीही हा इतिहास विजयगाथा नव्हे. विकर प्रदूषक नाहीसे करीत नाही, त्याचे रूप पालटते. नवे रूप निरुपद्रवी आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. शिवाय बांधलेले विकरही कालांतराने थकतेच. म्हणूनच हे काम आजही बहुतांशी प्रयोगशाळेत आहे.

९/ १८५९ चे कायटोसान, १८८३ चे लॅकेज, १९१६ चा कोळसा: यांपैकी एकही शोध दूषित पाण्यासाठी लागला नव्हता. पाणी नासल्यावर आपण त्यांच्याकडे वळलो.