कुंपण शेत खातें तेव्हां

एकदां देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या सहसा पुन्हां येत नसत, हें घरोघरच्या वृद्धांना ठाऊक होतें. जेन्नर व पाश्चर यांनीं त्या अनुभवाला शास्त्राचें बळ दिलें, आणि शरीराची प्रतिकारशक्ति म्हणजे निव्वळ मित्र, असा डॉक्टरांचा समज झाला. या समजाला तडा दिला तो एका कुत्र्यानें.

१९०१ सालीं मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या नौकेवर शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ एका सागरी जीवाचें दाहक विष तपाशीत होते. पॅरिसला परतल्यावर तो जीव मिळेना. तेव्हां त्यांनीं समुद्रफुलाचें विष घेऊन तें कुत्र्यांना टोचलें. थोड्या थोड्या मात्रेनें कुत्रीं विषाला सरावतील, ही अपेक्षा. नेपच्यून नांवाचा धट्टाकट्टा कुत्रा पहिल्या मात्रेनंतर ठणठणीत राहिला. २२ दिवसांनीं तीच मात्रा पुन्हां दिली. कांहीं क्षणांतच तो धापा टाकूं लागला, आडवा पडला, रक्त ओकला आणि २५ मिनिटांत गतप्राण झाला. विष तेंच, मात्रा तीच. बदलला होता तो कुत्र्याचा देह! या विपरीत प्रकाराला रिशे यांनीं ‘ॲनाफिलॅक्सिस’ हें नांव दिलें. १९१३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळच्या व्याख्यानांत त्यांनीं नेपच्यूनची आठवण ठेवली, हें बरें झालें.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांना हाच प्रकार मुलांत दिसला. घोड्याच्या रक्तांतील सीरम टोचलेल्या कांहीं मुलांना ताप येई, अंगावर गांधी उठत. दुसऱ्या खेपेस तर त्या फार लवकर उठत. संरक्षण व पीडा हीं एकाच क्रियेचीं फळें, हें ओळखून १९०६ सालीं त्यांनीं ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला.

हा दोष रक्तांतच असतो काय? क्युस्टनर या जर्मन डॉक्टरांना शिजलेली मासळी सोसत नसे. (मासळीवर जीव असणाऱ्यांना हें दुःख सांगावयास नको.) १९२१ सालीं त्यांचे सहकारी प्राउस्निट्स यांनीं त्यांचें सीरम स्वतःच्याच त्वचेंत टोचून घेतलें, व दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं मासळीचा अर्क. गांध उठली! दोष सीरमबरोबर आला होता.

तें द्रव्य हातीं लागावयास मात्र १९६६ साल उजाडलें. अमेरिकेंत डेन्व्हर येथें इशिझाका या जपानी दांपत्यानें तें शोधलें. स्वीडनमधील संशोधकहि स्वतंत्रपणें तेथेंच पोंचले. १९६८ मध्यें त्याला ‘इम्युनोग्लोबुलिन ई’ असें नांव मिळालें. पहिल्या भेटींत शरीर हें द्रव्य तयार करतें. तें त्वचा, नाक व श्वासनलिका येथील मास्ट पेशींना चिकटून राहतें. पुढें तोच परागकण त्याला येऊन मिळाला, कीं त्या पेशी हिस्टामीन बाहेर ओततात. मग शिंका, गांधी, दमा.