परक्या वाद्याला आपली गत शिकवताना: पंडित वि. गो. जोग

आज आपण व्हायोलिनवादक पंडित विष्णु गोविंद जोग यांच्याविषयी बोलणार आहोत. सुरुवात मात्र त्यांच्यापासून नको, एका बंदीपासून करू.

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. हार्मोनियम परकी आहे असा एक आक्षेप होता, पण खरा मुद्दा सांगीतिक होता. तिचे सूर ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. आता गंमत बघा. व्हायोलिनसुद्धा युरोपातलंच, पण त्याला कोणी दार लावलं नाही. का? तर त्याच्या पट्टीवर पडदे नाहीत. बोट नेऊ तिथे सूर. म्हणजे वाद्य कुठून आलं यापेक्षा ते आपल्या गाण्याला वाकतं का, हा प्रश्न मोठा ठरला.

दक्षिणेत हे फार आधी घडलं होतं. बालुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणलं. हिंदुस्तानी संगीतात मात्र सारंगीचं राज्य होतं. तिथे व्हायोलिनला जागा करून देणाऱ्या पहिल्या पिढीत गजाननराव जोशी होते, आणि जोग होते.

जोगांचा जन्म १९२२ चा, आपल्या वाईचा. सुरुवातीचं शिक्षण शं. चिं. आठवले आणि गणपतराव पुरोहित यांच्याकडे. पुढे लखनौला श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, आणि मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. ही यादी आपण नुसती वाचून पुढे जातो, पण थांबून बघा. रातंजनकर हे गायक, बंदिशकार. खाँसाहेब सरोदवादक, म्हणजे तंतकारीची परंपरा. या दोन्ही वाटा जोगांच्या गजात एकत्र आल्या.

पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं पावलावर टेकवतो. त्यामुळे डावा हात भार पेलण्यातून सुटतो आणि मोकळेपणी वरखाली सरकतो. तारा लावायच्या त्याही षड्ज-पंचमात. आलापात जोग या मोकळ्या हाताने गळ्याची मींड काढत. आणि द्रुत गतीत? तिथे गजाचे छोटे, तुटक आघात, तिहाया, तबल्याशी चाललेली नोकझोक. एन. राजम किंवा द. के. दातार यांचं वादन मुख्यतः गायकी अंगाचं. जोगांकडे गाणंही आहे आणि लयीचा खट्याळपणाही आहे.

लखनौच्या भातखंडे विद्यालयात त्यांनी शिकवलं. १९५३ मध्ये ते रेडिओत रुजू झाले. हार्मोनियमवरची बंदी तेव्हा चालूच होती, ती सैल झाली १९७१ मध्ये. त्यांचं पुढचं आयुष्य मुख्यतः कलकत्त्यात गेलं. शिशिरकणा धर चौधुरी यांच्यासारख्या शिष्या त्यांच्याकडे घडल्या. बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या तर घराघरांत पोचल्या. त्या जरूर ऐका. शहनाई फुंकीची, व्हायोलिन गजाचं. दोन्हींचा सूर लांब टिकतो, म्हणून एकाने सोडलेला स्वर दुसरा सहज उचलतो. इथे व्हायोलिन कुणाच्या मागे बसलेलं नाही, बरोबरीने बसलंय.

१९८० मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९८३ मध्ये पद्मभूषण. ३१ जानेवारी २००४ रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे साथीदाराचं नाव निवेदनात शेवटी येतं, आणि इतिहासातही बरेचदा तसंच होतं. व्हायोलिन साथीच्या जागेवरून मैफलीच्या मध्यभागी आलं ते आपोआप नाही. काही माणसांनी त्यासाठी आयुष्य घातलं. आज एखादी मुलगी मांडी घालून व्हायोलिनवर यमन छेडते, तेव्हा हे वाद्य परकं आहे असं आपल्या मनातही येत नाही. जोगांच्या पिढीची कमाई ती हीच.