प्रतिध्वनीचे निदान

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधून काढले; त्यांत हाडे स्पष्ट दिसत, बीजकोशाची मऊ गाठ मात्र सहसा दृष्टीआडच राही. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एका स्त्रीस असाध्य कर्करोग ठरविला होता; ध्वनिलहरींनी बीजकोशाची द्रवाने भरलेली गाठ दाखविली, ती काढली आणि बाई वाचली. पुढे सीटी स्कॅनने कर्करोगाचा प्रसारही शस्त्रक्रियेपूर्वी अजमावता येऊ लागला. अंतिम निर्णय मात्र शस्त्रक्रिया व सूक्ष्मदर्शक यांचाच.

बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. इंदापूरही तेथून फार दूर नाही. परंतु हा रोग अपचनाच्या वेषात येतो, आणि घरची बाई फुगलेले पोट मुकाट्याने सोसते. ती बोलल्यावाचून यंत्राने काय दाखवावे, असे आम्हांस वाटते.