निसर्गदृश्यातून वगळलेली माणसे

अमेरिकेचा इतिहास आपल्या महाविद्यालयांत शिकवला जातो तो स्वातंत्र्ययुद्ध, यादवी युद्ध आणि दोन महायुद्धे या क्रमाने. मीही तो तसाच शिकवतो, कारण परीक्षा तशी असते. पण अमेरिकन माणसाने आपला देश कसा पाहिला आणि तो पाहताना कोणाला पाहायचे टाळले, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर छायाचित्रांकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कॅमेरा घेऊन देशभर हिंडणे, डोंगरदऱ्यांची आणि ठिकठिकाणच्या उत्सवांची चित्रे घेऊन येणे, हा तिथल्या गोऱ्या मध्यमवर्गाचा एक सांस्कृतिक व्यवहारच होऊन बसला. तिथल्या ग्रंथालयांनी अशी हजारो चित्रे आता संगणकावर खुली केली आहेत आणि अमेरिकेला न जाताही ती मला पाहता आली. ती एकापाठोपाठ एक पाहू लागलो की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. निसर्गाच्या चित्रात बहुधा माणूस नसतो आणि उत्सवाच्या चित्रात माणूस असला तरी त्याला नाव नसते. या दोन्ही गोष्टी एकाच सत्तासंबंधातून आलेल्या आहेत, असे माझे म्हणणे आहे.

कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीचे उदाहरण घेऊ. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार खेचरांवर सामान लादून त्या दरीत गेला. १८ बाय २२ इंचांच्या काचांवर चित्र घेणारा प्रचंड कॅमेरा त्याच्याजवळ होता. उंच कडे, धबधबे आणि नदीच्या संथ पाण्यातील त्यांची प्रतिबिंबे त्याने टिपली. पुढच्याच वर्षी ही चित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असतानाच, लिंकनने ही दरी लोकांच्या विहारासाठी कायमची राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यामागे वॉटकिन्सच्या चित्रांचाही वाटा होता, असे मानले जाते. पुढे जगभर पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानांच्या कल्पनेची सुरुवात इथून सांगितली जाते.

मात्र कायद्यातील ‘लोक’ कोण, हा प्रश्न विचारावा लागतो. या चित्रांच्या दहाच वर्षे आधी, १८५१ साली, मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र टोळी याच दरीत घुसली होती. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांना डोंगरातल्या मूळ रहिवाशांचा अडथळा होत होता. दरीत अहवाहनीची लोकांची वस्ती होती आणि टेनाया हा त्यांचा प्रमुख होता. बटालियनने त्यांची घरे जाळली, साठवलेली ओकची फळे जाळली आणि माणसांना हुसकून लावले. टेनायाचा एक मुलगा मारला गेला. त्यानंतर एका सुंदर सरोवराला टेनायाचेच नाव ‘सन्मानाने’ देण्यात आले. या सरोवराला आमचे नाव आधीच आहे, असे त्याने सांगितल्याचे नाव देणाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. जमीन काढून घ्यायची आणि नकाशावर नाव ठेवायचे, अशी ही उदारता होती.

त्या काळी चित्र घ्यायला बराच वेळ लागे, हलणारा माणूस काचेवर उमटतच नसे, मग वॉटकिन्सला दोष का द्यायचा, असे कोणी म्हणेल. मुद्दा एका छायाचित्रकाराच्या दोषाचा नाही. त्याच्या कॅमेऱ्याने जे समोर होते तेच टिपले. पण दरी आधी रिकामी केली गेली आणि मग तिच्या रिकामेपणालाच ‘अस्पर्श निसर्ग’ असे नाव मिळाले.

हा निसर्ग अस्पर्शही नव्हता. दरीतील मोकळी कुरणे आणि ओकची झाडे तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली होती. ठराविक काळाने ते गवताला आणि झुडपांना मर्यादित आग लावत. त्यामुळे ओकला ऊन मिळे, त्याची फळे मुबलक येत आणि सूचिपर्णी झाडांचे रान माजत नसे. ही आग बंद झाल्यावर कुरणे झाडांनी भरत गेली. जुनी चित्रे आणि त्याच जागेवरून नंतर घेतलेली चित्रे शेजारी ठेवली तर हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणजे ज्या सौंदर्याला ईश्वराची निर्मिती म्हणून वाखाणले गेले, त्यात माणसांचे श्रम होते. श्रम लपवून त्याचे फळ तेवढे सुंदर म्हणायचे, ही सौंदर्यदृष्टी आपल्याला अनोळखी नाही. हिरव्यागार शेताच्या वर्णनात चिखलात वाकलेली मजूर बाई आपल्या ललित लेखकांना तरी किती वेळा दिसली?

ज्यांना हाकलले त्यांच्यापैकी काही जण परत आले आणि हॉटेलांत, लाकूडतोडीत, धुण्याभांड्यांत राबू लागले. मग १९१६ साली त्यांना उत्सवासाठी बोलावणे आले. ‘इंडियन फील्ड डेज’ नावाचा हा मेळा १९२९ पर्यंत बहुतेक वर्षी भरला. घोड्यांच्या शर्यती, टोपल्यांच्या स्पर्धा, पोशाखाला बक्षीस आणि कॅमेरे घेऊन आलेले प्रवासी असे त्याचे स्वरूप होते. पण पाहुण्यांना हवा होता तो पुस्तकात पाहिलेला ‘इंडियन’. म्हणून सालीच्या घरांत राहणाऱ्या या लोकांना दूरच्या मैदानी जमातींसारखे चामड्याचे कपडे, पिसांचे मुकुट आणि शंकूच्या आकाराचे तंबू यांत उभे केले गेले. त्यातूनही तिथल्या स्त्रियांनी आपला मार्ग काढला, हे नमूद केले पाहिजे. लुसी टेलेससारख्या कारागीर बाईने टोपलीच्या विणकामात नवे आकार आणि नवी नक्षी आणली आणि विक्रीतून संसार चालवला. दरीतली त्यांची शेवटची वस्ती मात्र १९६९ मध्ये पाडण्यात आली.

उत्सवांच्या बाबतीत सत्तेचा दुटोंडीपणा आणखी उघड आहे. १८८३ साली अमेरिकन सरकारने मूळ रहिवाशांसाठी एक गुन्हेसंहिता केली आणि सूर्यनृत्यासारखे धर्मविधी गुन्हा ठरवले. याच काळात कोडॅकचा हाती धरायचा कॅमेरा आला (१८८८). पाठोपाठ ॲरिझोनातील होपी लोकांचे सर्पनृत्य पाहायला रेल्वेने प्रवाशांच्या झुंडी येऊ लागल्या. ते नृत्य म्हणजे पावसासाठीची प्रार्थना होती. प्रार्थना करणाऱ्यांच्या अंगावर कॅमेरे रोखले जात. शेवटी, १९१० नंतरच्या दशकात, होपींच्या विधींचे चित्रण बंद झाले. आजही होपी गावांत छायाचित्र, ध्वनिमुद्रण, इतकेच काय रेखाटनही करू दिले जात नाही. ‘नकार’ हा शब्द आपल्या साहित्यात आपण फार वापरला आहे. होपींचा हा नकार मला त्याच जातीचा वाटतो.

काळ्या माणसांच्या वाट्याला निसर्ग कसा आला तेही पाहा. देशभर मोटारीने हिंडायचे तर रात्री कुठे थांबता येईल आणि कुठे जीव धोक्यात येईल, हे त्यांना आधी ठाऊक असावे लागे. न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून त्यासाठी ‘ग्रीन बुक’ काढले आणि ते सुमारे ३० वर्षे चालले. व्हर्जिनियातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात लुईस माउंटन ही जागा ‘निग्रोंसाठी’ म्हणून वेगळी काढली होती. आपण महाडला पाण्यासाठी लढलो ते १९२७ साली. तिकडे डोंगरावर बसून भाकरी खाण्याची जागासुद्धा वर्णाने वाटलेली होती. निसर्ग सर्वांचा असतो हे वाक्य लिहिणाऱ्याने असा फलक कधी वाचलेला नसतो.

पण चित्र उलट साक्षही देते. १८९९ मध्ये योसेमिटीत घेतलेले एक छायाचित्र आहे. त्यात घोड्यांवर बसलेले काळे सैनिक आहेत. हे उद्यान राखण्याचे काम त्या काळी सैन्याकडे होते आणि काही वर्षी ते काळ्या पलटणींनी केले. शेल्टन जॉन्सन या काळ्या वनरक्षकाच्या नजरेस ते चित्र पडले आणि त्याने तो विसरलेला इतिहास लोकांसमोर आणला. चित्र संग्रहात पडून होते. ते आपले आहे असे वाटणारा माणूस तिथे पोचावा लागला.

कॅमेराच आपल्या हाती आला की काय होते, याचे उत्तर होरेस पूलॉ (१९०६–१९८४) याच्या कामात आहे. तो ओक्लाहोमातील कायोवा जमातीचा. त्याच्या आधी एडवर्ड कर्टिसने १९०७ ते १९३० या काळात मूळ रहिवाशांवर २० खंड काढले. एका तंबूच्या चित्रात दोन माणसांमध्ये ठेवलेले घड्याळ दिसत होते. छापताना ते पुसून टाकले गेले, कारण ‘नष्ट होत चाललेल्या’ माणसाजवळ घड्याळ शोभत नव्हते. पूलॉने आपल्या लोकांच्या मेळ्यांतल्या मिरवणुका टिपल्या. त्यात पारंपरिक पोशाखातल्या मुली मोटारीवर बसून चालल्या आहेत. पोशाखही त्यांचा आणि मोटारही त्यांची. आपली चित्रे एका इंडियनाने काढलेली आहेत, असा शिक्काच तो चित्रांमागे मारी.

१९१६ हेच साल आपल्याही इतिहासात आहे. त्या वर्षी ९ मे रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीवरचा निबंध वाचला. जगातल्या ‘विचित्र’ समाजांची चर्चा जिथे होई, तिथे त्या समाजातलाच एक माणूस अभ्यासक म्हणून उभा राहिला. पूलॉने कॅमेऱ्याने केले ते बाबासाहेबांनी त्याआधी लेखणीने केले होते.

आपल्याकडेही १८५७ नंतर इंग्रजांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड (१८६८–७५) काढले. त्यात बहुतेक चित्रांखाली जात आहे, माणूस नाही. ती दृष्टी अजून गेलेली नाही. आमच्या गावच्या यात्रेत शहरातून कॅमेरेवाले येतात, अंगावर कोरडे ओढणाऱ्या पोतराजाची चित्रे घेतात आणि ती दिनदर्शिकांवर ‘लोकसंस्कृती’ म्हणून झळकतात. पोतराजाचे नाव कोणी विचारत नाही. ज्या आजोबांच्या श्रमावर मी शिकलो, त्यांचे एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. याच समाजातून नामदेव व्हटकर उभे राहिले आणि डिसेंबर १९५६ मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण केले, हे विसरता कामा नये.

आज आपल्या विद्यार्थ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. जयंतीची मिरवणूक, दीक्षाभूमीवरची गर्दी, गावची यात्रा हे सारे ते रोज टिपतात आणि चार दिवसांत ते कुठे जाते त्याचा पत्ता लागत नाही. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यांना एवढे तरी शिकवावे: चित्र घेण्याआधी विचारा. कोणी नको म्हटले तर तो नकार माना. चित्राखाली माणसाचे नाव, गाव, काम आणि तारीख लिहा. सुंदर डोंगराचे चित्र घेतले तर पायथ्याशी कोण राहत होते आणि ते आता कुठे आहेत, याची चौकशी करा. आणि हे सारे आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करा. उद्या आपला इतिहास लिहायला बसणाऱ्याला तेच पुरावे लागणार आहेत.