तळटीप : परभणीच्या काळ्या मातीचा सामू
परभणीच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू ८.२ आला, तर थोडक्या आम्लाने तो ७ वर येईल असे वाटते. पण सामू चुनखडीचा साठा सांगत नाही, तो साठा अनुमापनाने कळतो. समजा, ५ ग्रॅम मातीत ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली घातले आणि उरलेल्या आम्लाला ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ३४ मिली लागले, तर चुनखडीने १६ मिली आम्ल संपवले : १६ × ०.५ × ५० = ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ८ टक्के. हेक्टरी वरच्या थरात माती सुमारे २० लाख किलो धरली, तर ही चुनखडी १६० टन. ती विरघळवायला, मातीत आम्ल तयार करणारे गंधकच ५१ टन हवे! म्हणजे चुनखडी बफरसारखी सामू टिकवून धरते. बफरला दुर्बल आम्ल व त्याचा क्षार लागतो, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. पण मातीतल्या पाण्यात कार्बोनिक आम्ल-बायकार्बोनेट ही जोडी असतेच, आणि घन चुनखडी तिची झीज सतत भरून काढते. गंधकाचा लाभ मुळांलगत, लोह-जस्त मोकळे होण्यापुरताच धरावा.