पाचव्या मजल्यावरची साक्ष

डॅलस शहर. २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. दुपारचे साडेबारा होत आलेत. टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरीच्या पाचव्या मजल्यावर, पुस्तकांच्या खोक्यांआड तुम्ही उभे आहात. कोपऱ्यातल्या खिडकीतून हॅरोल्ड नॉर्मन खाली वाकलाय. त्याच्या शेजारी बॉनी रे विल्यम्स, थोडा पलीकडे जेम्स जार्मन. तिघंही इथलेच कामगार, जेवणाच्या सुट्टीत राष्ट्राध्यक्षांना बघायला आलेले.

केनेडींची उघडी गाडी ह्यूस्टन स्ट्रीटवरून एल्म स्ट्रीटला वळते. आणि धाडकन आवाज होतो. छतातून चुरा झरतो आणि विल्यम्सच्या केसांत पडतो. नॉर्मनला डोक्यावरून आणखी काही ऐकू येतं: रायफलचा बोल्ट मागेपुढे झाल्याचा खटका, मग धातूचं काहीतरी फळ्यांवर पडल्याचा आवाज.

आता जार्मनला विचारा. त्याला आधी वाटलं, आवाज खालून आला! एकच मजला, चार पावलांचं अंतर, तरी दोघांचे कान दोन दिशांना.

खाली मैदानात उतरलात तर चक्रावून जाल. रेल्वेपुलावरचे एस. एम. हॉलंड सांगतात की गवताळ टेकाडावरच्या झाडांखाली आपण धूर पाहिला. कितीतरी लोक त्याच टेकाडाकडे धावतात. यांतलं कुणी खोटं बोलतंय असं मला वाटत नाही. ही गोळी आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाते. तिच्या वाटेवर उभ्या असलेल्याला आधी गोळीचा कडकडाट ऐकू येतो, नळीचा बार मागाहून, आणि त्यात भोवतालच्या इमारतींचे प्रतिध्वनी मिसळतात. दिशा सांगायला कान इथे फार कच्चा साक्षीदार आहे. म्हणून मी प्रत्येकाला आधी एवढंच विचारेन: तुम्ही नेमके कुठे होतात, आणि तिथून काय कळण्यासारखं होतं?

सहाव्या मजल्यावर चला. नॉर्मनच्या बरोबर वरच्या खिडकीपाशी तीन रिकाम्या पुंगळ्या पडल्यात. एक वाजून बावीस मिनिटांनी खोक्यांच्या फटीत रायफल सापडते. ती पाहणारे पोलीस अधिकारी सिमोर वाइट्समन तिला ७.६५ मिलिमीटरची माउझर म्हणतात, दुसऱ्या दिवशीच्या प्रतिज्ञापत्रातही तसंच लिहून देतात. पण लोखंडावर ठसा आहे: ६.५, मेड इटली, क्रमांक सी २७६६. रायफल मॅनलिकर-कार्कानो निघते. दोन्ही बंदुकांची ठेवण सारखी असल्याने ओझरत्या नजरेला चूक सहज होते, पण पुढे त्या एका शब्दावर किती पुस्तकं उभी राहिली!

म्हणून वस्तूंवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? तसंही नाही. वस्तूसुद्धा माणसांच्या हातांतूनच आपल्यापर्यंत येते. पार्कलँड रुग्णालयात डॉ. माल्कम पेरी केनेडींच्या गळ्यावरच्या जखमेतूनच श्वासनलिकेला छेद देतात. पत्रकारांशी बोलताना ती जखम गोळी आत शिरल्याची वाटते, असं सांगतात. रात्री बेथेस्डात शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. ह्यूम्स यांना तिथे फक्त शस्त्रक्रियेचा छेद दिसतो. मूळ जखमेबद्दल त्यांना कळतं ते दुसऱ्या दिवशी, पेरींना फोन केल्यावर, आणि तोवर शव हातातून गेलेलं असतं. वर अहवालाचा पहिला मसुदा ह्यूम्स घरच्या शेकोटीत जाळतात. या हलगर्जीपणाचा मला आजही राग येतो. संशयाला खतपाणी त्यानेच घातलं.

मागे राहते बघ्यांतल्या झप्रुडरने टिपलेली फिल्म, सेकंदाला सुमारे अठरा चित्रं टिपणारी. तीही मुकी. त्याच गाडीत आपल्या गव्हर्नर पतीला लागून बसलेल्या नेली कॉनली शेवटपर्यंत सांगत राहिल्या की केनेडींना लागलेली गोळी वेगळी आणि आपल्या पतीला लागलेली वेगळी. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने मात्र एकच गोळी दोघांच्या शरीरांतून गेल्याचा निष्कर्ष काढला. पुरावा मला आयोगाच्या बाजूचा वाटतो, पण नेलीबाईंची जबानी वाचताना मी दर वेळी थबकतो.

आता चार महिने पुढे, मार्च १९६४. पुन्हा तोच पाचवा मजला. खाली गर्दी नाही, मिरवणूक नाही. नॉर्मन आपल्या जुन्या जागी उभा आहे. आयोगाच्या चाचणीसाठी वर एक जण रायफलचा बोल्ट ओढतो, पुंगळ्या जमिनीवर पडू देतो.

नॉर्मन सांगतो, ऐकू आलं. आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तुम्हालाही.