उजेडानें लिहिलेल्या तबकड्या

गाण्याची तबकडी आपणांस नवी नाहीं. परंतु ती घरच्या घरीं लिहितां यावी, हें फार काळ स्वप्नच होतें. १९८२ सालीं बाजारांत आलेली कॉम्पॅक्ट डिस्क कारखान्यांतच छापली जाई. १९८८ मध्यें जपानच्या ताइयो युडेन कंपनीनें रंगद्रव्याचा थर दिलेली कोरी तबकडी तयार केली. लेसर किरणाच्या उष्णतेनें त्या थरावर खुणा उमटतात. वाचणारें यंत्र त्यांनाच छापील तबकडीवरील खळगे समजतें.

लिहिणारें यंत्र आरंभीं हजारों डॉलरांचें होतें. १९९५ मध्यें ह्यूलेट-पॅकार्डनें तें हजार डॉलरांच्या आंत आणलें. तरी माहितीचा ओघ क्षणभर खुंटला, कीं तबकडी फुकट जाई. २००० सालीं सान्यो कंपनीनें तुटलेलें लेखन पुन्हा सांधण्याची युक्ति काढली. त्याच वर्षीं निघालेल्या दुसऱ्या यूएसबीचा वेग पहिलीच्या चाळीस पट होता. संगणकाबाहेर तारेनें जोडावयाचें यंत्र आतां खऱ्या अर्थानें उपयोगी झालें.

पुढें २००८ मध्यें मॅकबुक एअर हा संगणक अंगच्या डिस्क-यंत्रावांचूनच निघाला. इतरांनींही तीच वाट धरली. जें बाहेरचें यंत्र केवळ सोयीचें होतें, तेंच अशा घरांत तबकडीचें एकमेव दार ठरलें आहे. आणि त्या दाराआड लग्नाचीं छायाचित्रें आहेत, आजोबांचा आवाज आहे. रंगद्रव्य उन्हानें व उष्णतेनें विटतें. म्हणून यंत्र मिळतें आहे, तोंवरच तबकड्या उघडाव्या व त्यांच्या नकला करून ठेवाव्या.